दुपारी दीडलाच बंद पडणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटरचा वेग वाढवून द्या म्हणत जो माणूस दुकानात यायचा, त्याला मी आधी विचारायचे, जायचंय कुठे एवढ्या घाईने? मालवणच्या बाजारात अठ्ठावीस वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्त केले आणि गेल्या वर्षी दुकान बंद केलं. एवढ्या काळात या प्रश्नाचं धड उत्तर मला एकाही गिऱ्हाइकाने दिलं नाही. एकाने सांगितलं, मुंबईच्या मेहुण्याने वाढवून घेतलाय. दुसरा म्हणाला, कंपनी मुद्दाम वेग कमी ठेवते आणि आपल्याला फसवते. कुडाळच्या एका वकीलसाहेबांना तर नोटिसा टाईप करायला वेग हवा होता. त्यांनी कुठलासा व्हिडिओ बघून त्यातले आकडे जसेच्या तसे स्वतःच्या कॉम्प्युटरला लावले होते आणि तो दर अर्ध्या तासाने मान टाकत होता. मी त्यांना तो व्हिडिओ लावायला सांगितला. आकडे सांगणाऱ्या माणसाच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

"वकीलसाहेब, तुमच्या ऑफिसात पंखा तरी चालू असतो का?" मी विचारलं.

"कागद उडतात म्हणून बंद ठेवतो," ते म्हणाले.

अशा माणसाला काय समजावणार? मी त्यांचे आकडे पुसले, कंपनीचा मूळ वेग लावून दिला आणि सांगितलं, आता वाढलाय. पुढची चार वर्षं ते मला रस्त्यात भेटले की वेगाची तारीफ करायचे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा हिशेब करणारा भाग. तो तळहातावर मावतो आणि त्याच्या जिवावर बाकीचा डबा चालतो. कंपनी त्याला एक वेग ठरवून देते. सेटिंगमध्ये जाऊन हा वेग वाढवता येतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की विजेचा दाब थोडा वाढवावा लागतो, दाब वाढवला की उष्णता वाढते, आणि उष्णता हाताबाहेर गेली की प्रोसेसर चुकायला लागतो. चुकतो म्हणजे दोन आणि दोन पाच करतो. कधी कॉम्प्युटर बंद पडतो, कधी निळा पडदा दाखवतो. हे दोन्ही मला परवडतात, कारण त्यात लपवाछपवी नसते. तिसरा प्रकार असा की तो चालू राहतो आणि चुपचाप चुकतो.

म्हणून वेग वाढवल्यावर चाचणी घ्यायची असते. एक प्रोग्राम प्रोसेसरला पुन्हा पुन्हा अशी गणितं घालतो, ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक असतात. उत्तर चुकलं की समजायचं, एवढा वेग याला झेपत नाही. ही चाचणी निदान बारा तास घ्यावी, आणि कॉम्प्युटर जिथे बसायचा आहे तिथल्या हवेत घ्यावी. हे मी शेकडो लोकांना ऐकवलं आहे. ऐकवताना माझा आवाज फार वरचा लागायचा, असं माझी बहीण म्हणते. ते खरं असणार. दुकान उघडलं तेव्हा गिऱ्हाईक आत येऊन माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री खंय आसा?" मीच, म्हटलं तर, "तसा नाय, दुरुस्त करणारो खंय आसा?" असं पाच-सात वर्षं ऐकल्यावर माणसाचा आवाज वरचा लागतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट सांगते.

तारकर्लीला दीपक शेठचं स्कूबा डायव्हिंगचं सेंटर आहे. नाव बदललं आहे, माणूस बदललेला नाही. पर्यटकाला पाठीवर सिलिंडर बांधून वीस-पंचवीस फूट खाली नेतात, रंगीत मासे दाखवतात, वर आणतात. सोबतचा गाईड एका हाताने पर्यटकाला धरतो आणि दुसऱ्या हातात काठीवरचा कॅमेरा धरून त्याचा व्हिडिओ काढतो. लोकांना मासे फारसे नको असतात. आपण माशांत आहोत हे बाकीच्यांना दाखवायला हवं असतं.

एका सप्टेंबरात, सीझन सुरू व्हायच्या तोंडावर, दीपक शेठ आपला कॉम्प्युटर गाडीत घालून आले.

"शैलाताई, पर्यटक जेवान उठासर व्हिडिओ तयार होवक व्हयो. आता दीड तास लागता. माणसा थांबनत नाय."

"नवीन मोठा घ्या."

"तुमका जमणा नाय काय?"

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं की जाणूनबुजून, ते त्यांनाच ठाऊक. माझ्या मात्र वर्मी बसलं. मी ओव्हरक्लॉकिंगला नावं ठेवणारी बाई. त्या दिवशी मी तो कॉम्प्युटर उघडला, चांगला पंखा आणि प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा हीटसिंक बसवला, एक एक पायरी चढवत वेग वाढवत नेला, आणि मला स्वतःलाच वाटलं नव्हतं इतका वर नेला. बाहेर पाऊस लागला होता, हवा गार होती. चाचणी लावली. चाळीस मिनिटं झाली, एकही चूक नाही.

"उद्या न्या. दिवसभर चालू दे," मी म्हटलं.

"गाडी उभी आसा. चाळीस मिन्टा चल्लो मां? मगे?"

मी दिला. गाडी उभी होती म्हणून दिला असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं कारण असं की तो आकडा पडद्यावर बघून मी खूष झाले होते आणि तो खोटा ठरलेला मला बघायचा नव्हता.

मे महिन्यात शेठचा फोन आला. आवाज बदललेला. पुण्याचे एक गृहस्थ पाण्यातून वर आले ते कानातून रक्त घेऊनच. ते होडीवरच ओरडायला लागले की खाली कान फुटायला आला होता, मी अंगठा वर करत होतो, वर न्या म्हणून सांगत होतो आणि गाईडने लक्षच दिलं नाही. पाण्याखाली बोलता येत नाही, हाताच्या खुणांवर काम चालतं. अंगठा वर म्हणजे वर चला. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा. हे उतरण्याआधी सगळ्यांना शिकवतात आणि पर्यटक ते मोबाइलवर बोलत बोलत शिकतात.

गाईड होता रुझार. त्या सेंटरवरचा सगळ्यात जुना. वय चाळिशीच्या पुढे, बापाची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, होतं, समुद्रात लहानाचा मोठा झालेला. त्याचं म्हणणं होतं की त्या माणसाने अंगठा दाखवलाच नाही. रुझार म्हणत होता, मी खुणेने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याने बोटांचा गोल केला. आता खरं कोण, हे कॅमेऱ्यात होतं. व्हिडिओभर पर्यटकाचं तोंड आणि हातच तर दिसतात.

पण व्हिडिओ उघडेना. कॉम्प्युटरवर फाईल होती, नाव होतं, आकार बरोबर होता, आत मात्र काही नव्हतं. आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं होतं, कारण तिथे सगळे गाईड पाण्यातून आल्यावर कार्ड कॉम्प्युटरला लावायचे आणि फाईल कॉपी न करता सरळ उचलून ठेवायचे. कार्ड रिकामं झालं की दुसऱ्या खेपेला तयार. त्या दिवशी ती फाईल रुझारनेच ठेवली होती. होडीवर आरडाओरडा झाल्यावर पंधरा मिनिटांनी.

मी तारकर्लीला गेले. दीपक शेठ ऑफिसात पंख्याखाली बसले होते.

"फाईल काढा. आणि नाय गावली तर एक पत्र देवा तुमच्या दुकानाचा. माणसान उडवल्यान म्हणान."

"कोणत्या माणसाने?"

"रुझारान. तेणी कॉम्प्युटर मधीच बंद केल्यान, पलग काढून. मी जेवक गेल्लंय, येवन बघतंय तर कॉम्प्युटर परत चालू होता. पोलिसांका मी तसाच सांगलंय. तेका कामावरनाय काढलंय."

"तुम्ही त्याला प्लग काढताना बघितलंत?"

"बघूक कशाक व्हया? फायदो कोणाचो होतो?"

तर्क वाईट नव्हता. फायदा रुझारचाच होता. मी आधी कार्ड मागितलं. पुसलेली फाईल कार्डावर काही काळ तशीच पडून असते, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. ही साधी गोष्ट आहे. त्या कार्डाला कोणी हात लावला नसता तर हा लेख इथेच संपला असता. पण त्या गृहस्थांनी पोलिसांत तक्रार केलेली असताना, दुसऱ्या दिवशी सकाळी, शेठच्या माणसांनी तेच कार्ड कॅमेऱ्यात घालून पाण्यात नेलं होतं. एक सोडून तीन खेपा. मी ते खणून बघितलं. पुण्याच्या गृहस्थांच्या जागी कोल्हापूरचं एक कुटुंब पाण्याखाली हात हलवत होतं.

"कार्ड बाजूला ठेवायचं सुचलं नाही कोणाला?"

"सीझन आसा," शेठ म्हणाले. जगातल्या सगळ्या मूर्खपणाला त्यांच्याकडे हे एकच उत्तर होतं.

कॉम्प्युटर मी मालवणला दुकानात आणला आणि पंख्याखाली ठेवून चाचणी लावली. दोन तास, चार तास, सहा तास. दुसऱ्या दिवशी परत पूर्ण दिवस. एकही चूक नाही. मला हायसं वाटलं. माझं काम पक्कं निघालं, म्हणजे प्लग रुझारनेच काढला. मी दुकानाचा लेटरहेड काढून टेबलावर ठेवलासुद्धा.

संध्याकाळी रुझार आला. खुर्चीत बसला नाही, दारातच उभा राहिला.

"शैलाबाय, तुमी काय लिवतलास ता लिवा. माका एकच विचारूचा होता. तो कॉम्प्युटर हय बंद पडलो?"

"नाही."

"थय पडता."

"कधीपासून?"

"दिवाळीपासना. ऊन झाला काय पडता. दुपारचो. एक-दीड वाजता बघा, सगळ्यांचे व्हिडिओ बनत असतत तेव्हा. गोठता, काय्येक हलणा नाय, मगे आपसूक बंद होवन परत चालू होता. एप्रिलात मी चार दिस बहिणीकडे म्हापशाक होतंय, तेव्हाय दोनदा पडलो. विचारा कोणाकय."

"मला कोणी सांगितलं नाही."

"शेटीक आमी सांगलेला. शेट म्हणालो, परत चालू होता मां? मगे तक्रार कसली?"

तो गेल्यावर मी ते केलं जे मी पहिल्या तासाला करायला हवं होतं. कॉम्प्युटर स्वतःची नोंदवही ठेवतो. कधी चालू झाला, कधी बंद झाला, नीट बंद झाला की मध्येच मेला, सगळं तारीख-वेळेसह. अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या कॉम्प्युटरची ही वही आधी वाचायचे आणि मग स्क्रू काढायचे. या वेळी वाचली नव्हती. कारण उघड आहे. स्वतःच्या हातचं काम तपासताना मला दोष सापडायला नको होता, आणि ज्याला दोष नको असतो तो बरोबर चुकीच्या जागी शोधतो.

ऑक्टोबरपासून मेपर्यंत तेवीस वेळा तो मध्येच मेला होता. जवळजवळ सगळ्या वेळा दुपारी एक ते अडीचमधल्या. म्हापशाच्या दिवसांतल्या दोन वेळाही त्यात होत्या. आणि रुझारने ती फाईल ठेवली त्या दिवसाची वेळ होती एक वाजून बावन्न मिनिटं.

मी शेठना फोन केला.

"तेवीस वेळा रुझारने प्लग काढला का?"

"लाईट जाता हयची," ते म्हणाले. "नायतर कंप्रेसर. सिलिंडर भरूचो कंप्रेसर चालू झालो काय दाब पडता. तेचो तुमी अर्थ काढू नकात."

एवढं मात्र खरं की त्या वहीत फक्त 'मेला' असं लिहिलेलं असतं, 'का मेला' ते नसतं. प्लग काढला तरी तीच नोंद होते, प्रोसेसर गोठला तरी तीच. नुसत्या वहीवर पोलिसांपुढे उभं राहणं म्हणजे शेठसारखाच तर्क लढवणं. दोष पकडायचा तर तो डोळ्यांपुढे घडवून आणायला हवा होता, आणि जिथे घडतो तिथेच.

तिसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर घेऊन परत तारकर्लीला गेले आणि तो त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात ठेवला. तेव्हा मी तो कोपरा पहिल्यांदा नीट बघितला. वर पत्रे. मागच्या भिंतीपलीकडे कंप्रेसर, त्याची गरम हवा खिडकीतून थेट आत येणारी. बाजूला दोरीवर पाण्यात घालायचे रबरी सूट वाळत घातलेले, त्यांचं खारं पाणी खाली टपकतंय. कॉम्प्युटर उघडला तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये बारीक वाळू आणि मिठाळ ओल यांचा लगदा बसला होता. आठ महिन्यांत कोणी फुंकरही मारली नव्हती.

"धूळ," दीपक शेठ आनंदाने म्हणाले. "बघा. धुळीन झाला ह्या."

"धूळ मी पुसणार नाही. जसं होतं तसंच चालवायचं."

आमच्या धंद्यात एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि कॉम्प्युटर बरा झाला, तर कशाने बरा झाला ते कळत नाही, आणि गिऱ्हाईक कौतुक करतं म्हणून आपणही विचारत नाही. पहिल्यांदा मी शेठचा कंप्रेसर निकालात काढला. सकाळी आठला, हवा गार असताना, कंप्रेसर दहा वेळा चालू-बंद करायला लावला. कॉम्प्युटर पूर्ण भारावर चालत होता. काही झालं नाही. मग मध्ये मोठा यूपीएस लावला, म्हणजे लाईट गेली तरी कॉम्प्युटरला कळायला नको. लाईट खरंच एकदा गेली. काही झालं नाही.

मग आम्ही दुपारची वाट बघत बसलो. मी स्टुलावर, शेठ खुर्चीत. रुझारला मी मुद्दाम बोलावला होता, तो बाहेर माडाखाली बसून राहिला. त्याने आत येऊन कशालाही हात लावलेला मला नको होता, आणि ते त्याला न सांगता कळलं होतं.

एक वाजता मी रोजच्यासारखे सहा व्हिडिओ बनवायला लावले. प्रोसेसरचं तापमान ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वदच्या वर. पत्र्याखाली आम्हा दोघांचाच जीव जात होता, त्याचं काय. एक वाजून छत्तीस मिनिटांनी मी एका कार्डावरून व्हिडिओ उचलून आत ठेवला, अगदी ते लोक ठेवायचे तसा. फाईल गेली, कार्ड रिकामं झालं. काही क्षणांतच पडद्यावरचा बाण गोठला. मी माऊस हलवला. बाण हलला नाही. मग पडदा काळा झाला आणि कॉम्प्युटर स्वतःच परत चालू झाला.

"प्लग बघा. यूपीएस बघा," मी शेठना म्हटलं. प्लग जागेवर होता. यूपीएसचा दिवा हिरवा होता.

मी नुकतीच ठेवलेली फाईल उघडायला गेले. नाव होतं. आकार बरोबर होता. आत काही नव्हतं.

याचं कारण असं की फाईल ठेवली असं कॉम्प्युटर सांगतो तेव्हा ती खरं तर अजून वाटेत असते. काही क्षण ती तात्पुरत्या जागी असते आणि मग डिस्कवर उतरते. तेवढ्यात मेला तर पाटी लागलेली राहते आणि घर रिकामं. रुझारच्या फाईलला नेमकं हेच झालं होतं.

"एकदा होता तसा. योगायोग," शेठ म्हणाले.

मी परत लावला. अठरा मिनिटांत मेला. परत लावला. बावीस मिनिटांत मेला. मग मी सेटिंगमध्ये जाऊन वेग कंपनीचा मूळ केला, बाकी काही बदललं नाही. तोच कोपरा, तेच ऊन, तीच धूळ, कंप्रेसरची तीच गरम हवा. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण दुपार तो कुरकुरत, हळूहळू, पण एकदाही न पडता चालला. दुसऱ्या दिवशी साडेतीनला मी माझा सप्टेंबरातला वेग परत लावला. सतरा मिनिटं.

शेठनी वाकून पडदा बघितला. मग त्यांना एकदम सुचलं.

"म्हणजे चूक तुमची."

"हो."

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी भांडणाची तयारी केली होती आणि समोर कोणी उभंच राहिलं नाही.

"शैलाताई, तुमी असा लिवन देतलास तर बाजारात तुमच्याकडे कोण येतलो? माझाय नाव जातला. रुझाराक मी दुसरीकडे खंयतरी लावतंय कामाक. तुमी नुसता लिवा, फाईल खराब झाली, कारण कळाक नाय."

इतकी वर्षं लोकांनी माझ्यासमोर कॉम्प्युटरविषयी कसकसलं अज्ञान मांडलं, पण 'कारण कळलं नाही' असं लिहून द्या म्हणणारा हा पहिलाच, तेही कारण चारदा डोळ्यांनी बघून. आणि मला दिसत होतं की ते लिहिणं किती सोपं आहे. खोटंही नव्हतं धड. लोकांच्या घाईला मी हसत आले, माझी स्वतःची घाई चाळीस मिनिटांची होती आणि तिचा भार आठ महिन्यांनी तिसऱ्याच माणसाच्या डोक्यावर पडला होता.

मी पत्र लिहिलं. काय तपासलं, कधी तपासलं, किती वेळा बंद पडला, रुझार हजर नसतानाही कसा पडला. शेवटी लिहिलं की प्रोसेसरचा वेग मी स्वतः वाढवला होता, पुरेशी चाचणी न घेता आणि कुठल्या जागेत चालणार ते न बघता मशीन दिलं होतं, आणि त्यामुळे ही फाईल गेली. ती कोणी पुसलेली नाही.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी ते दोनदा वाचलं.

"बाई, ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय लिहू?"

"झेपत नाही इतक्या वेगाने चालवणं."

त्यांनी लिहिलं. "आणि हे केलं कोणी?"

"मी."

"मग तुमच्यावर काही कारवाई..." ते थांबले. अशा गुन्ह्याचं कलम त्यांना आठवेना. "इथे सही करा."

त्यांनी तिथूनच पुण्याच्या गृहस्थांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी त्यांना सगळं सांगितलं. 

"म्हणजे त्याने पुसला नाही," ते म्हणाले.

"नाही."

"पण व्हिडिओ नाहीच."

"नाही."

"मी अंगठा दाखवला होता, मॅडम. मला पक्कं आठवतंय." त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. खाली पाण्यात कान फुटत असताना माणसाला काय पक्कं आठवतं, ते मला ठाऊक नाही. पण खोटेपणा नव्हता.

पुढे त्या तक्रारीचं काही झालं नाही. कान बरा झाला असं कळलं, ते गृहस्थ परत आले नाहीत, कागद कुठेतरी राहिले. दीपक शेठनी बाजारात सांगायचं ते सांगितलं आणि माझी काही गिऱ्हाइकं कुडाळला जायला लागली. त्यातली बरीचशी गेलेलीच बरी होती. ऑक्टोबरात शेठनी रुझारला परत बोलावलं. तो गेला नाही. तोंडवलीला चुलत भावाच्या होडीवर जायला लागला. डायव्हिंग त्याने सोडलं ते सोडलंच. बाकीच्या सेंटरवाल्यांनी त्याला नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. तो फाईल पुसणारा नाही हे सगळ्यांना मान्य झालं होतं. एका पर्यटकाचा कान याच्या हातात फुटला, एवढं लोकांच्या लक्षात राहिलं.

जबाब दिला त्या दिवशी मी ठाण्याबाहेर आले तेव्हा रुझार मोटारसायकलला टेकून उभा होता. मी त्याला सांगितलं की जबाब झाला, त्याचं नाव त्यातून निघालं.

"तुमी बरा केलात," तो म्हणाला. "दुसरा कोण आसता तर लिवन दिल्यान नसता."

माझ्या मनात आलं, दुसरं कोणी असतं तर मशीन बारा तास तपासून दिलं असतं.

त्याने किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही.

"शैलाबाय, एक विचारतंय. तेणी अंगठो करूक नाय, गोल केल्यान. दोनदा. ह्या तुमका खरा वाटता मां?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. पण त्या दोन दिवसांत बघितलं तेवढंच लिहायचं म्हणून मी शेठना नाही म्हटलं होतं.

"मला माहीत नाही, रुझार," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, रागावला नाही. "ताच," तो म्हणाला. "आता कोणाकच माहीत नाय." आणि गाडी चालू करून तोंडवलीच्या बाजूला निघून गेला.